उंदीर बरा झाला, पुढे काय?

१९९४ चा शेवट, कॅलिफोर्नियातलं बर्कली. इम्युनिटीवर संशोधन करणारे जिम ॲलिसन यांच्या लॅबमधला डेना लीच रिझल्ट दाखवायला आला, अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनला जाऊन चिकटणारं प्रोटीन) दिलेल्या उंदरांचे ट्युमर चक्क गायब! ॲलिसनना पटेना, म्हणाले परत कर. लीचला ख्रिसमसची सुट्टी हवी होती, मग ठरलं असं की लीचने इंजेक्शनं देऊन निघायचं आणि गाठी ॲलिसननी स्वतः मोजायच्या, कुठल्या पिंजऱ्याला औषध मिळालंय हे माहीत नसताना. आधी सगळ्याच गाठी वाढत होत्या. मग काही पिंजऱ्यांतल्या थांबल्या, आणि हळूहळू विरल्या.

गंमत म्हणजे या औषधाने ट्युमरला हातच लावला नव्हता. टी-सेल म्हणजे शरीराच्या इम्युनिटीतल्या लढाऊ पेशी, त्यांच्यावर सीटीएलए-४ नावाचं प्रोटीन असतं, ते टी-सेलला आवरून धरतं, अँटीबॉडीने तेवढं अडवलं, बाकीचं काम टी-सेलने केलं.

आता उंदीर कुठला घ्यायचा हा खरा प्रश्न. माणसाचा ट्युमर उंदरात वाढवायचा तर त्या उंदराची इम्युनिटी आधी मोडलेली लागते, नाहीतर त्याचं शरीर परक्या पेशी टिकूच देत नाही. पण इम्युनिटीच नसेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे इम्युनिटीकडूनच कॅन्सर मारून घेणारा उपचार, तपासणार कशावर? म्हणून उंदराचाच कॅन्सर, त्याच वाणाच्या धडधाकट उंदरात.

तरी उंदीर फसवतोच. बी-१६ म्हणून उंदरातला एक मेलानोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) आहे, महाचिवट. त्याच्यावर ही अँटीबॉडी एकटी चालेना, सोबत ट्युमरच्या पेशींपासून केलेली लस द्यावी लागली, तेव्हा कुठे गाठी गेल्या, आणि काळ्या उंदरांच्या अंगावर पांढरे केस आले, कारण टी-सेल रंगाच्या निरोगी पेशींवरही तुटून पडले होते.

मग २०१० मध्ये मेलानोमाच्या ६७६ पेशंटवरच्या ट्रायलचा निकाल आला. औषधाचं नाव इपिलिमुमॅब, म्हणजे सीटीएलए-४ अडवणारी, माणसांसाठीची अँटीबॉडी. सोबत लस होती, अर्थात वेगळ्या प्रकारची. नुसत्या लसवाल्यांचं मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट निदान इतके जगले) ६.४ महिने, औषध आणि लस दोन्ही घेणाऱ्यांचं १०, आणि नुसत्या औषधावर १०.१. म्हणजे लसीने काडीचा फरक पडला नाही! उंदरावरून कोणी असं सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

२०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली, २०१८ मध्ये ॲलिसनना जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांच्यासोबत नोबेल. पण काही पेशंटच्या आतड्याला सूज यायची, भयंकर जुलाब लागायचे, आणि अशा वेळी औषध कधी थांबवायचं, स्टिरॉइड कधी सुरू करायचं, हे डॉक्टर पेशंटवरूनच शिकले.