अजून चारच सेंटीमीटर

(पडद्यावर काळोख. आधी फक्त श्वासाचा आवाज, मग हळूहळू भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.)

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. मी उठले ती बाथरूमला जायला, नवव्या महिन्यात रात्री तीन तीनदा उठावं लागतंच, त्यामुळे अर्धवट झोपेतच गेले आणि परत येताना कमरेतून काहीतरी सरकत पुढे ओटीपोटात आलं, पाळीत दुखतं ना तसंच, पोट दगडासारखं कडक झालं आणि मग आपोआप सैल पडलं. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. नवरा शेजारी गाढ झोपलेला, त्याला उठवलं नाही. म्हटलं बघू कळ परत येते का.

बारा मिनिटांनी परत आली.

मला दिलेली तारीख चार दिवसांपूर्वी उलटून गेली होती आणि त्या चार दिवसांत रोज कुणाचा तरी फोन, झाली का गं? अजून नाही? जणू मीच काहीतरी अडवून ठेवलंय. ती तारीख येते कुठून, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा हिशोब ओळखला जातो आणि तो एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. अंदाजच आहे तो. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं बरोबर त्या दिवशी येतात, आणि पहिलटकरणीचे दिवस थोडे पुढे जाणं अगदी नेहमीचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या चार रात्री मी झोपले असते.

त्याआधीचे दोन आठवडे खोट्या कळा येऊन गेल्या होत्या, पोट कडक व्हायचं, मी घाबरायचे, मग कूस बदलली किंवा थोडं चालले की सगळं थांबायचं. ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात त्यांना, १८७२ मध्ये ज्या इंग्लिश डॉक्टरने त्यांच्याबद्दल लिहिलं त्याचं ते नाव. खऱ्या कळा मात्र चाललं तरी थांबत नाहीत, झोपलं तरी थांबत नाहीत, उलट त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं. आणि पाणमोट? सिनेमात आधी पाणी जातं आणि मग पळापळ सुरू होते. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या दहा जणींपैकी साधारण एकीचंच पाणी कळांच्या आधी जातं. माझी पाणमोट शेवटपर्यंत टिकली. (ज्यांची आधी फुटते त्यांनी कळांची वाट न बघता दवाखान्यात फोन करायचा, आणि पाणी हिरवट दिसलं तर लगेच निघायचं, हे मात्र लक्षात ठेवा.)

(पडद्यावर: फोनवरचा टायमर, एक हात तो सुरू करतो, थांबवतो, पुन्हा सुरू करतो.)

सकाळी दहापर्यंत दर पाच मिनिटांनी कळ, एकेक कळ मिनिटभराची, आणि हे तासभर सलग चाललेलं. निघायचा ठोकताळा आम्हाला असाच सांगितला होता. अकराला ॲडमिट झाले. आतून तपासलं आणि डॉक्टर म्हणाल्या, तीन.

तीन म्हणजे तीन सेंटीमीटर. गर्भपिशवीचं तोंड दहापर्यंत उघडावं लागतं. आठ तास कळा सोसून तीन! मला रडूच आलं.

आता इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय कारण ती मला त्या दिवशी माहीत नव्हती आणि ती माहीत असती तर माझा अख्खा दिवस वेगळा गेला असता. गर्भपिशवीचं तोंड म्हणजे नुसतं भोक नाही, ती चांगली तीन-चार सेंटीमीटर लांबीची जाड मान असते. नऊ महिने तिने बाळाला आत धरून ठेवलेलं असतं, घट्ट. पहिल्या बाळंतपणात ती मान आधी मऊ होते, आखडते, पातळ होत होत कागदासारखी होते आणि उघडण्याचं बरंचसं काम त्यानंतर होतं. म्हणजे माझ्या त्या आठ तासांतली प्रत्येक कळ काम करत होती, पण सेंटीमीटरच्या आकड्यात त्यातलं फारसं काही दिसतच नव्हतं. मला ऐकू आला फक्त आकडा. तीन.

लेबर रूममध्ये पलंगाच्या बरोबर समोर घड्याळ होतं. मोठं, पांढरं, लाल सेकंदकाटा. उताणं झोपवलेलं, पोटाला बाळाचे ठोके मोजायचा पट्टा, आणि नजर दुसरीकडे कुठे न्यायची सोयच नाही. ठोक्यांचा तो आवाज मात्र मला आवडायचा, टपटप टपटप, घोडा धावल्यासारखा, मिनिटाला १४०च्या आसपास. ११० ते १६० मध्ये असले की ठीक, हे मी सिस्टरना विचारून घेतलं होतं आणि तो आकडा कळ आली की मी डोळ्यांनी धरून ठेवायचे.

दुपारी तीनला तपासलं. चार. संध्याकाळी सहाला परत तपासलं. चार.

ड्यूटीवरच्या डॉक्टर ग्लोव्ह काढता काढता म्हणाल्या, "अजून चारच आहे, आत्तापासूनच ओरडायला लागलीस तर पुढे कसं करणार?" आणि निघून गेल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे किती जणी होत्या मला माहीत नाही, दमलेल्या असतील. पण ते वाक्य आजही मला शब्दन् शब्द आठवतं, कळा कशा होत्या ते इतकं आठवत नाही.

(पडद्यावर: पिवळसर आलेखाच्या कागदावर हळूहळू वर चढणारी रेघ.)

हे तासातासाचं मोजमाप आलं कुठून ते मी नंतर शोधलं. इमॅन्युएल फ्रीडमन हे अमेरिकेतले डॉक्टर, त्यांनी १९५५ साली पाचशे पहिलटकरणींच्या बाळंतपणाचा आलेख मांडला, वेळ आडवी आणि सेंटीमीटर उभे. काम मोठंच होतं, कुठली बाई खरंच अडलीय हे त्यातून वेळेवर ओळखता येऊ लागलं, जीव वाचले असणार त्याने. पण त्यातूनच पुढे तासाला एक सेंटीमीटर हा ठोकताळा पक्का होत गेला आणि जी त्या रेघेच्या मागे पडली ती हळू, ती कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्टच लिहिलं की तासाला एक सेंटीमीटर हा वेग काही बायकांसाठी अवास्तव आहे, आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ तेवढ्यावरून बाळंतपणात ढवळाढवळ करू नये. खरा जोमाचा टप्पा त्यांनी पाच सेंटीमीटरपासून धरलाय, आणि पहिल्या खेपेला तिथून पुढेही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो म्हणून सांगितलंय. पाचच्या आधीच्या टप्प्याला तर त्यांनी ठरावीक मुदतच घातलेली नाही, इतका तो बाईगणिक वेगळा असतो.

मी चारवर होते. माझी सुरुवातसुद्धा झालेली नव्हती, आणि मला वाटत होतं की मी हरले.

रात्री आठला ड्यूटी बदलली आणि एक वयाने मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी फाइल बघितलीच नाही. माझ्याजवळ येऊन कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "बाळा, कधीपासून जागी आहेस?" एवढंच. मी काही न बोलता नुसती घड्याळाकडे बघितलं आणि त्यांनीही माझ्या नजरेच्या मागोमाग बघितलं. मग खाली वाकून पलंगाच्या चाकांचे ब्रेक सोडले आणि एकट्याने तो जड पलंग फिरवला, पूर्ण, घड्याळ माझ्या पाठीमागे जाईपर्यंत. मोठा लाइट बंद केला. बाहेर ताटकळणाऱ्या माझ्या नवऱ्याला हाक मारून आत घेतलं, "या, इथे उभे राहा, ही तुमच्या गळ्यात हात टाकून उभी राहणार आहे, हलायचं नाही."

आणि मी उभी राहिले, नऊ तासांनी पहिल्यांदा. कळ आली की त्याच्या गळ्याला लटकायचे, गुडघे सैल, आणि सिस्टर मागून कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताने दाबून धरायच्या, जोरात, अगदी हात थरथरेपर्यंत. दुखणं गेलं नाही पण त्याला टेकायला जागा मिळाली. (बाळाची पाठ आपल्या पाठीकडे असली की कळा अशा कमरेत येतात, माझं तसंच होतं.) उभं राहून, चालून, टेकून कळा घेतल्या तर पहिला टप्पा सरासरी तासाभराहून जास्त कमी होतो हे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितलंय लोकांनी. आणि सोबतीचंही बघितलंय, १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांवरच्या २६ अभ्यासांवरून, शेवटपर्यंत कुणीतरी सतत जवळ असेल तर नॉर्मल डिलिव्हरी होण्याची शक्यता वाढते आणि सिझेरियनची कमी होते.

यात जादू काही नाही. कळा आणणारं हार्मोन म्हणजे ऑक्सिटोसिन, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच लवकर जन्म. बाळाचं डोकं खाली दाबलं जातं, त्या दाबाने मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने कळ येते, कळेने डोकं आणखी दाबलं जातं. हे चक्र आपोआप वाढत जातं, पण भीती, लखलखीत उजेड, अनोळखी माणसांची ये-जा यात ते अडखळू शकतं. सलाईनमधून देतात ते तेच ऑक्सिटोसिन, प्रयोगशाळेत बनवलेलं, आणि गरज असेल तेव्हा ते जरूर घ्यावं. दुखणं कमी करायला एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिलं जाणारं बधिर करणारं औषध, घेणाऱ्या बाईलाही कुणी कमी लेखू नये, १८५३ साली राणी व्हिक्टोरियानेसुद्धा आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला होता. सहनशक्तीची परीक्षा नाहीये ही.

(पडद्यावर: दोन हात एकमेकांत. बोटांची पेरं पांढरी पडलेली.)

साडेदहाच्या सुमारास मी थरथरायला लागले. थंडी नव्हती पण दात वाजत होते, उलटी झाली, पाय गार, आणि दोन कळांच्या मधली सुट्टीच संपली, एक उतरायच्या आत दुसरी. मी नवऱ्याचा शर्ट धरून म्हटलं, मला नाही जमणार, मला घरी घेऊन चल. खरंच म्हटलं, आणि मला ते त्या क्षणी अगदी शक्य वाटत होतं. त्याचा चेहरा उतरला. सिस्टर मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "आता आलं बघ बाळ." आठ ते दहा सेंटीमीटरचा हा शेवटचा टप्पा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात वाईट, आणि बऱ्याच बायका नेमकं इथेच हात टेकतात. अकराला तपासलं तेव्हा पूर्ण दहा. पाणमोट तेव्हा फुटली, कोमट पाणी पायांवरून गेलं.

मग जोर लावायचा. तोही मला वाटला होता तसा चार-पाच मिनिटांचा खेळ नव्हता, जवळजवळ दोन तास लागले. पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंतही लागू शकतात. डोकं थोडं पुढे यायचं, कळ गेली की परत मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, मला वाटायचं काहीच होत नाहीये पण त्या मागेपुढे होण्यानेच कातडी ताणायला वेळ मिळत होता. सिस्टरनी माझा हात धरून खाली नेला. ओलं, मऊ, सुरकुतलेलं काहीतरी लागलं, आणि त्यावर केस. माझ्या आत असलेल्या माणसाचे केस. मी तशीच बोटं ठेवून राहिले पुढच्या कळेपर्यंत.

शेवटी आग झाली, निखारा लागावा तशी. सिस्टर म्हणाल्या आता जोर नको, नुसता श्वास सोड, फू फू कर. मी फू फू केलं. डोकं आलं, मग खांदा, आणि मग एकदम सगळं गरम, निसरडं, माझ्या छातीवर.

बारा वाजून पन्नास मिनिटं.

ती लगेच रडली नाही. मोजले तर काही सेकंदच असतील. मग एक खरखरीत, चिडलेला आवाज. जन्मानंतर एका मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला बाळाला गुण देतात, रंग, ठोके, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, स्नायूंची ताकद, श्वास, प्रत्येकाला दोनपर्यंत, व्हर्जिनिया अपगार या डॉक्टरबाईंनी १९५२ साली ही पद्धत मांडली. माझ्या लेकीला आधी आठ, मग नऊ. तिचं डोकं लांबुळकं झालं होतं, मी घाबरले, पण कवटीची हाडं जोडलेली नसतातच, वाटेतून येताना ती एकमेकांवर सरकतात आणि काही दिवसांत जागेवर येतात. नाळ लगेच कापली नाही. ती निळसर, पिळलेल्या दोरीसारखी, आणि तिच्यात अजून ठोका होता, मी बोटाने बघितला. निदान एक मिनिट तरी थांबावं म्हणतात, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं. वार वीस मिनिटांनी पडली, अर्ध्या किलोची. मी दाखवायला सांगितलं. झाडाच्या फांद्या पसराव्यात तशा रक्तवाहिन्या होत्या तिच्यावर.

त्यानंतर सिस्टर माझं पोट दाबत राहिल्या, दर थोड्या वेळाने, पॅड बघत राहिल्या. मला तो त्रास वाटत होता. पण जगभरात बाळंतिणींचे सगळ्यात जास्त जीव जातात ते रक्तस्रावानेच, आणि गर्भपिशवी आवळून गोळा झालीय की नाही हे हाताने बघणं हा त्यावरचा पहारा असतो. टाके घातले, ते फार काही आठवत नाही.

एक मात्र सांगते. तिला छातीवर घेतल्यावर मला प्रेमाचा पूर वगैरे आला नाही. मला वाटलं, संपलं. आणि मग वाटलं, ही कोण? प्रेम नंतर आलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रडू पण तेव्हाच आलं, विनाकारण, धो धो. बहुतेक बाळंतिणींना ते येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही.

(पडद्यावर: रात्रीचा कॉरिडॉर. व्हीलचेअरच्या चाकांचा आवाज.)

तीनच्या सुमारास मला वॉर्डमध्ये हलवलं. पहिली कळ येऊन बरोबर चोवीस तास झाले होते. लेक माझ्या कुशीत, तिच्या टाळूवरची मऊ जागा श्वासासारखी वरखाली होत होती आणि मी त्यावरून नजर काढत नव्हते. दारातून बाहेर पडताना समोरून एक मुलगी आली, माझ्याच वयाची असेल, एक हात भिंतीवर, एक कमरेवर. कळ आली तशी ती थांबली. मीही व्हीलचेअर थांबवायला सांगितली. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, आणि विचारलं, "खूप वेळ लागतो का?"

मी म्हटलं, "हो. लागतो."

ती आत गेली. मी मान वळवून बघितलं. पलंग पुन्हा पहिल्यासारखा घड्याळासमोर लावून ठेवलेला होता, त्यावर नवी चादर, आणि सिस्टर खाली वाकून चाकांचे ब्रेक सोडत होत्या.