ओटावा नदीवरचे पीसेक

श्रोतेहो, नमस्कार. चेक प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्येस, जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या शुमावा पर्वतरांगेत ओटावा नदीचा उगम होतो. डोंगरातून खाली उतरताना ती भरपूर वाळू वाहून आणते आणि त्या वाळूत पूर्वी सोन्याचे कणही सापडत असत. बोहेमिया या देशाच्या पश्चिमेकडील ऐतिहासिक प्रांताच्या दक्षिण भागातील सुमारे तीस हजार वस्तीचे पीसेक हे गाव याच नदीच्या काठी वसले आहे, आणि या गावाच्या इतिहासातील बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी या ना त्या प्रकारे नदीपाशीच येऊन पोहोचतात.

वाळू धुऊन सोने काढण्याचा उद्योग येथे फार जुना आहे. राजाश्रयाने वसवलेले तटबंदीचे नगर मात्र तेराव्या शतकातले. बोहेमियावर राज्य करणाऱ्या प्शेमिस्ल घराण्याच्या राजांनी नदीकाठी किल्ला बांधला. त्याच्या उरलेल्या भागात आज वस्तुसंग्रहालय आहे. जर्मन प्रदेशातील पासाऊहून मीठ घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांची वाटही या गावापर्यंत येत असे, म्हणून नदी ओलांडण्याची भक्कम सोय असणे ही येथील मोठी गरज होती.

ती गरज ज्या दगडी पुलाने भागवली, त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. हा पूलही तेराव्या शतकातलाच असून चेक भूमीत आजवर टिकलेल्या पुलांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. प्रागच्या विख्यात चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ मध्ये झाली. म्हणजे पीसेकचा पूल त्याच्याहून वडील आहे, तरी परदेशी पाहुण्यांना त्याचे नावही ठाऊक नसते, याची मला खंत वाटते. सात कमानींचा हा पूल सुमारे ११० मीटर लांब असून त्याच्या कठड्यांवर संतांच्या मूर्ती उभ्या आहेत.

पंधराव्या शतकातील धर्मसंघर्षात गाव हुसपंथीयांच्या, म्हणजे चेक धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायांच्या, बाजूने उभे राहिले. पुढे युरोपातील कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांमध्ये पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या आरंभी, १६२० मध्ये, कॅथलिक हॅब्सबर्ग सम्राटाच्या सैन्याने ते लुटले आणि रहिवाशांची निर्घृण कत्तल केली. त्या आघातातून सावरायला गावाला फार काळ लागला.

एकोणिसाव्या शतकात मात्र याच नदीने गावाला एक वेगळा मान मिळवून दिला. अभियंता फ्रांतिशेक क्रिझीक यांच्या दिव्यांनी १८८७ मध्ये येथील रस्ते उजळले, आणि कायमस्वरूपी विजेचे पथदिवे असलेले पीसेक हे पहिले चेक गाव ठरले. लगेच दुसऱ्या वर्षी नदीकाठच्या जुन्या गिरणीत जलविद्युत केंद्र सुरू झाले. ते आजही पाहता येते. विसाव्या शतकात व्हायोलिनचे थोर शिक्षक ओटाकार शेव्चीक येथे राहिले, त्यामुळे दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी या लहानशा गावात येत.

ऑगस्ट २००२ मध्ये मध्य युरोपात आलेल्या महापुरात ओटावाचे पाणी थेट पुलावरून वाहिले. कठडे वाहून गेले, मूर्तींचीही हानी झाली, परंतु सातशे वर्षांहून जुन्या कमानी आपल्या जागी उभ्या राहिल्या. पुढे कठड्यांची आणि मूर्तींची दुरुस्ती झाली, आणि आज या पुलावरून केवळ पायी चालणाऱ्यांनाच जाता येते.