तीन हृदयं कशासाठी?

मित्रहो, सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत एक प्रश्न हमखास येतो. ऑक्टोपसला हृदयं किती? ‘तीन’ म्हटलं की गुण मिळतो आणि लगेच पुढचा प्रश्न सुरू होतो. मला तिथे दर वेळी चुटपुट लागते. तीनच का, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं! म्हणून आज त्या ‘का’पाशीच थोडं थांबू.

सुरुवात रक्तापासून करू. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन. त्यात लोह असतं आणि ते तांबड्या पेशींमध्ये बंदिस्त असतं. ऑक्टोपसकडे त्याच कामासाठी हिमोसायनिन आहे. त्यात लोहाऐवजी तांबं असतं. ऑक्सिजन मिळाला की हे रक्त निळं होतं आणि ऑक्सिजन सोडून दिला की जवळजवळ रंगहीन. पण हिमोसायनिन पेशींत न राहता थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं. त्यामुळे रक्त दाटसर होतं, ढकलायला जड जातं. शिवाय तेवढ्याच रक्तातून ऑक्सिजनही आपल्यापेक्षा कमी वाहून नेला जातो.

आता हे दाट रक्त कल्ल्यांमधल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतून न्यायचं आहे. तिथून बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. म्हणून दोन्ही कल्ल्यांच्या तोंडाशी एकेक हृदय आहे. त्यांचं काम रक्त कल्ल्यांतून रेटणं, एवढंच. पलीकडे ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त तिसरं हृदय हाती घेतं आणि सगळ्या शरीरात खेळवतं.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ऑक्टोपस पाण्याचा झोत मागे फेकत वेगाने पोहतो, तेव्हा हे तिसरं हृदय थांबतं! नेमकं ऑक्सिजनची गरज वाढते त्याच वेळी. मग तो लवकर दमेल नाही तर काय? म्हणून पोहण्याऐवजी तो शक्यतो तळावरून सरपटतो. कधी मत्स्यालयात किंवा एखाद्या चित्रफितीत नीट बघा. एक बाहू पुढे सरकतो, चूषकं खडकाला एकेक करून चिकटतात, त्या चूषकांनीच तो खडकाची चवही घेतो, आणि मागून सगळं अंग ओतल्यासारखं त्या बाहूमागे येतं. ते सावकाश चालणं बघताना आत धडधडणारी ती तिन्ही हृदयं आठवली, की चालण्याचा अर्थच बदलतो.

‘ऑक्टोपसला नऊ मेंदू’ हेही तुम्ही वाचलं असेल. ते मात्र बोलण्यापुरतंच घ्या. मेंदू एकच आहे. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश आठ बाहूंमध्ये पसरलेल्या आहेत, त्यामुळे बाहू पुष्कळसं आपलं आपण उरकतात. ‘नऊ’ या आकड्यापेक्षा ही वाटणी कितीतरी विलक्षण आहे, असं मला मनापासून वाटतं.

असाच आणखी एक लाडका प्रश्न: कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा? उत्तर, शुक्र. स्वतःभोवती एक फेरी घ्यायला त्याला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. उत्तर बरोबर, पण ‘दिवस’ म्हणजे काय हे आधी ठरवायला हवं. दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ, असं धरलं तर तो शुक्रावर सुमारे ११७ दिवसांचाच भरतो, म्हणजे वर्षाच्या जेमतेम निम्मा. कारण शुक्र सूर्याभोवती ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरतो. दोन्ही गती मिळून सूर्य लवकर परत समोर येतो. तिथल्या दाट ढगांतून सूर्य दिसू शकला असता, तर तो पश्चिमेला उगवताना दिसला असता आणि पूर्वेला मावळायला त्याने पृथ्वीचे ५८ दिवस घेतले असते.