सोनेरी चौकोनाच्या आत

[दृश्य: किराणा दुकानाचा गल्ला. ग्राहकाचे कार्ड मशीनच्या फटीत शिरते.]

दुकानदार आजही "कार्ड स्वाइप करायचंय का?" असेच विचारतो, परंतु कार्ड घासण्याचा प्रसंग आता क्वचितच येतो. कार्डाची सोनेरी बाजू मशीनच्या फटीत सरकवली जाते आणि ते जे काही क्षण तिथे अडकून राहते, तेवढ्यात चिप आणि बँकेचा संगणक यांची प्रश्नोत्तरे उरकलेली असतात. जुन्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती दर वेळी तीच असे, त्यामुळे ती एकदा चोरून दुसऱ्या कार्डावर उतरवली की चोराचे काम भागत असे. चिप मात्र प्रत्येक व्यवहारासाठी नवी सांकेतिक संख्या तयार करते आणि कालची संख्या आज चालत नाही. केवळ पट्टी असलेली कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून द्या, असे रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले, ते याच कारणाने.

[दृश्य: सोनेरी चौकोन, भिंगाखाली.]

डोळ्यांना दिसणारा हा चौकोन म्हणजे चिप, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. हे केवळ दाराबाहेरचे फलक आहेत. तांब्यावर निकेल आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा दिलेल्या या पट्ट्यांपैकी एकीतून वीज आत जाते, दुसरीतून घड्याळाचे ठोके आणि आणखी एकीवरून माहितीची ये-जा होते. खरी चिप म्हणजे सिलिकॉनचा लहानसा तुकडा असून तो या पट्ट्यांच्या मागे, राळेत बुजवलेला असतो. तो लहान ठेवावाच लागतो, कारण कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते आणि पाकीट मागच्या खिशात ठेवून त्यावर बसणाऱ्यांची संख्या जगात सर्वत्र मोठी आहे. कार्ड वाकले तरी चिप तडकता कामा नये.

या कल्पनेचे जनकत्व एकाच माणसाला देता येत नाही. जर्मनीत हेल्मुट ग्रोट्रुप आणि युर्गन डेटलोफ यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिची मांडणी केली. यातील ग्रोट्रुप हे त्याआधी जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणाच्या कामात होते, ही गोष्ट विषयाला सोडून असली तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्समध्ये रोलां मोरेनो यांनी १९७४ मध्ये आपल्या स्मृती-कार्डाचे पेटंट नोंदवले, आणि कार्डात नुसती स्मृती न ठेवता स्वतः हिशेब करणारा प्रोसेसर बसवण्याचा मार्ग काही वर्षांनी बुल या कंपनीतील मिशेल युगों यांनी दाखवला. मात्र सामान्य माणसाच्या हातात चिप पोहोचवली ती बँकेने नव्हे, रस्त्यावरच्या टेलिफोनने.

[दृश्य: फ्रेंच टेलिफोन बूथची जुनी छायाचित्रे. त्यानंतर अल्बमची पाने.]

नाण्यांवर चालणारे टेलिफोन फोडून पेटीतील पैसे लांबवण्याचे प्रकार फ्रान्समध्ये फार झाले होते. ज्या यंत्रात पैसेच नाहीत ते कोणी फोडणार नाही, हा साधा विचार तेलेकार्त या टेलिफोन कार्डामागे होता आणि १९८०च्या दशकात ही चिप असलेली कार्डे फ्रान्सभर पसरली. त्यांतली पहिल्या पिढीची चिप आजच्या मानाने अगदीच बाळबोध होती. तिची स्मृती अवघ्या २५६ बिटांची. त्यांतील पहिले ९६ बिट कार्डाच्या ओळखीसाठी राखून कायमचे कुलूपबंद केलेले असत, आणि उरलेल्यांतून बोलण्याचे एकेक युनिट खर्ची पडे. आपल्याकडे दुधाच्या कार्डावर दूधवाला रोजच्या खान्यात फुली मारत असे, तसाच हा हिशेब होता. फुली मारता येते, पुसता येत नाही. पन्नास युनिटांच्या कार्डावरची पन्नासावी खूण पडली की कार्ड संपले, आणि माणूस ते बूथमध्येच टाकून चालू लागे.

संग्राहकाचे काम नेमके तिथून सुरू होते. वापरून संपलेल्या वस्तूला किंमत येण्याची रीत टपाल तिकिटांनी आधीच घालून दिली होती, आणि टेलिफोन कार्डांचे संग्राहक त्याच घराण्यातले होते. तिकिटांच्या सूचीसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीच्या मिशेल या प्रकाशनाने टेलिफोन कार्डांचीही सूची काढली. तिकिटाचा अभ्यासक जसा कडेची छिद्रे मोजतो, तसा कार्डाचा अभ्यासक सोनेरी चौकोनातील रेषा पाहतो, कारण चिपचे मॉड्यूल, म्हणजे चिप आणि पट्ट्या यांचा जोड, बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याची पट्ट्या विभागण्याची तऱ्हा वेगळी असे. चित्र तेच, वर्ष तेच, किंमत तीच, पण चौकोनातील रेषा गोलाकार असतील तर ते निराळे कार्ड आणि त्यासाठी अल्बममध्ये निराळा कप्पा. सुरुवातीच्या फ्रेंच कार्डांवर तर हा चौकोन आजच्या जागी नाहीच. तो डाव्या वरच्या कोपऱ्याकडे सरकलेला दिसतो, कारण त्या काळी फ्रान्सचे स्वतःचे मानक होते आणि चौकोनाची आजची जागा पुढे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरली. एवढ्या एका खुणेवरून जाणकार माणूस हातभर अंतरावरून कार्डाचा काळ सांगतो.

[दृश्य: जर्मन टेलिफोन कार्ड, दोन्ही बाजू.]

हे कार्ड माझ्या मामांनी जर्मनीहून आणलेले आहे. बारा मार्क किमतीत चाळीस युनिटे, आणि पुण्याला फोन लावला की ती बघता बघता संपत, असे ते सांगत असत. कार्डावर मालिकेचे अक्षर, क्रमांक आणि महिना-वर्ष छापलेले आहे. संग्राहकाला हीच माहिती लागते, कारण लाखोंनी छापलेले कार्ड आणि एखाद्या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी मोजक्या संख्येने काढलेले कार्ड यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. चौकोनावर तिरक्या उजेडात दिसणारे बारीक ओरखडे टेलिफोनच्या आतल्या टाचण्यांचे आहेत. प्लास्टिकच्या सीलबंद वेष्टनातील न वापरलेले कार्डच खरे, असे मानणारा मोठा वर्ग आहे. मला मात्र ओरखडे असलेले कार्ड अधिक बोलके वाटते. भावाचे म्हणाल, तर मोबाइल आल्यावर बूथ ओस पडले, गुंतवणूक म्हणून कार्डे साठवणारे निघून गेले, आणि सर्वसाधारण कार्डे आज गठ्ठ्याने, नाममात्र दरात विकली जातात.

ज्या मोबाइलने हा खेळ मोडला, त्याच्या पोटातही चिप कार्डच होते. १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके उंड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल सेवा कंपनीला पहिली सिम कार्डे पुरवली. आरंभीचे सिम पूर्ण बँक कार्डाएवढे असे. पुढे ते नखाएवढे झाले, आणि मधल्या काळात आपल्या गल्लोगल्लीच्या मोबाइल दुकानांत स्टेपलरसारख्या दिसणाऱ्या कटरने सिम कापून देण्याचा धंदा चालला. संग्राहक सिम कापत नाही, इतकेच नव्हे तर चौकटीतून काढतही नाही. आपण जो प्लास्टिकचा सांगाडा कचऱ्यात टाकतो, त्यासकट अखंड असलेले सिमच त्याला हवे असते.

[दृश्य: स्थानकावरील एटीव्हीएम मशीनवर ठेवलेले कार्ड.]

मुंबईच्या लोकलचे तिकीट देणाऱ्या मशीनवर नुसते ठेवायचे कार्ड किंवा मेट्रोच्या फाटकाला टेकवायचे कार्ड यांची जात वेगळी आहे. त्यांच्या पोटात तारेचे वेटोळे असते, मशीनच्या लहरींतूनच चिपला वीज मिळते, आणि बाहेर सोनेरी चौकोन लागत नाही. सोय मोठी आहे, मात्र अल्बममध्ये अशा कार्डाकडे पाहण्यासारखे थोडे उरते. याउलट महाराष्ट्रात अनेकांच्या गाडीच्या आरसी कार्डावर चिप झळकते, पण वाहतूक पोलिसाने ती मशीनमध्ये घालून वाचल्याचे मी तरी आजवर पाहिलेले नाही.

बँकेच्या कार्डांचा संग्रह हा सर्वांत अवघड प्रकार म्हणावा लागेल. मुदत संपलेले कार्ड चिपवरूनच कापून टाकावे, असा बँकांचा सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. संग्राहकाच्या लेखी मात्र चिप कापलेले कार्ड म्हणजे नाक कापलेली मूर्ती.

[दृश्य: अल्बमचे शेवटचे पान.]

या पानावर माझे स्वतःचे, मुदत संपलेले डेबिट कार्ड आहे. कात्री चौकोनाच्या मधोमध गेली आहे, दोन्ही तुकडे एकाच कप्प्यात ठेवले आहेत, आणि कापलेल्या कडेवर सोन्याखालचा तांबूस रंग दिसतो.