कूलरवाला निघालाय आखाताला

[दृश्य: परभणी. मे महिन्यातली दुपार. अर्धं शटर ओढलेलं दुकान. आत कूलरच्या टाक्या, पत्र्याच्या जाळ्या, पाण्याच्या मोटारी. एक तरुण जाळीत नवं गवत भरतोय.]

निवेदन:

परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. एखाद्या वर्षी ४४ चीही रेघ ओलांडतो. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, पण या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. मार्च ते जून हा कूलर आणि एसी दुरुस्त करणाऱ्याचा सीझन. या चार महिन्यांत जे हाती लागेल, त्यावर वर्ष काढायचं. मिरग बरसला की फोन वाजायचा थांबतो. मग कुणी मोटार रिवायंडिंग करतं, कुणी लग्नाच्या लाइटिंगला जातं, कुणी सोयाबीनच्या रानात.

एक काळ असा होता की मराठवाड्यातल्या घराला कूलर लागतच नव्हता. माळवदाचं घर होतं. जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. बाहेर आग ओतत असली तरी आत डोळा लागायचा. मग माळवदं गेली, पत्रे आले, स्लॅब आले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. या पोराचा धंदा, खरं सांगायचं तर, त्या स्लॅबवरच उभा आहे.

त्यानं आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा २ वर्षांचा ट्रेड केलाय. हात चांगला आहे. आता त्याला आखातात जायचंय. कारण सरळ आहे. तिथं एसीवाल्याचा सीझन चार महिन्यांत आटपत नाही.

[दृश्य: रेल्वे स्टेशन. देवगिरी एक्स्प्रेस लागतेय.]

मराठवाड्याला स्थलांतर नवं नाही. बीड, परभणी, जालन्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पण तिथला व्यवहार वेगळा. ऊसतोड मजुराला मुकादम आधी उचल देतो आणि मग ती अंगमेहनतीनं फेडून घेतो. आखाताच्या वाटेवर उलटं चालतं. इथं जाणाराच एजंटाला आधी पैसे मोजतो आणि मग ते फेडायला काम करतो. दोन्हीकडे माणूस कर्ज घेऊनच घर सोडतो.

गंमत म्हणजे या वाटेवरून माणसं पूर्वी उलट्या दिशेनं आली आहेत. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब होते. नांदेड, परभणी, संभाजीनगरकडे आजही चाऊस आडनावाची घरं आहेत ती त्यांचीच. तेव्हा अरब इकडे चाकरीला यायचे, आता आपली पोरं तिकडे जातात. जाणाऱ्यांपैकी कुणी देवगिरीनं मुंबई गाठतो, कुणी तीच गाडी उलट्या दिशेनं धरून हैदराबादला जातो. भाषेची फारशी अडचण येत नाही. साइटवर हिंदी-उर्दू चालते आणि मराठवाड्याच्या पोराला दखनी ऐकतच मोठं व्हावं लागतं.

त्याला सगळ्यात कमी काळजी उन्हाची आहे. "परभणीचं ऊन खाल्लेल्या माणसाला कशाचं ऊन लागतंय?" असं तो म्हणतो. आणि फसगत नेमकी इथंच होते.

[दृश्य: कूलरच्या जाळीवरून झिरपणारं पाणी, जवळून.]

कूलर थंड हवा कशी देतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ओल्या गवतातून गरम, कोरडी हवा जाते. पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात. बाहेर ४२ अंश असताना हवेत दमटपणा १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २२ च्या आसपास थांबतो. चांगला कूलर हवेला त्याच्या बऱ्याच जवळ नेतो. म्हणून तर मे महिन्यात कूलरपुढं झोपलेला माणूस पहाटे चादर ओढतो. आणि जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक करतो, हेही घरोघरी माहीत आहे.

माणसाचं अंगही याच तत्त्वावर चालणारा कूलर आहे. घाम हे त्याचं पाणी, कातडी ही त्याची जाळी. मराठवाड्यात घाम आलेला कळतही नाही. आला की उडतो आणि शर्टावर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. दोहा, दुबई, दम्माम, जेद्दा ही शहरं समुद्राला लागून आहेत. ऑगस्टमध्ये तिथं ३८ अंश आणि ६० टक्के दमटपणा असला, तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर ३१ च्या खाली उतरतच नाही. आकडा परभणीपेक्षा ४ अंशांनी कमी, पण घाम उडत नाही. तो कोपरावरून, हनुवटीवरून टपकत राहतो, आणि टपकलेला घाम अंग थंड करत नाही. पाणी जातं, मीठ जातं, ताप मात्र आतच राहतो.

८ जुलै २००३ ला सौदीच्या दहरान इथं दवबिंदू ३५ अंशांवर नोंदला गेला होता. म्हणजे ३५ अंशांच्या वस्तूवरही दव धरेल इतकं पाणी हवेत होतं. कुवेतच्या मित्रिबाह इथं २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, त्याची बातमी सगळीकडे झाली. काम करणाऱ्या अंगाला मात्र मित्रिबाहपेक्षा दहरानचा दिवस जास्त भारी.

म्हणून नोकरी कुठल्या देशात, हे विचारून भागत नाही. शहर कुठलं ते विचारावं. रियाध समुद्रापासून आत आहे आणि कोरडं आहे. तिथला उन्हाळा आपल्या माणसाला ओळखीचा वाटेल, आणि तिथं कूलरही चालतात. उलट रियाधच्या हिवाळ्यात स्वेटर लागतो, ते कुणी सांगत नाही.

[दृश्य: गच्चीवर ओळीनं बसवलेले एसीचे आउटडोअर युनिट.]

एसीवाल्याला सावलीत काम मिळतं, हाही एक गैरसमज. बिघाड असतो तो गच्चीवर. तिथं वरून ऊन आणि बाजूनं आउटडोअर युनिटांनी फेकलेली गरम हवा.

दुपारी उघड्यावर काम बंद ठेवण्याचे कायदे आखातात आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२:३० ते ३. सौदीत त्याच तीन महिन्यांत १२ ते ३. कतारनं २०२१ मध्ये नियम कडक केला: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३:३०. शिवाय तापमान, दमटपणा, उन्हाची धग आणि वारा मिळून जो एक निर्देशांक काढतात, तो ३२.१ च्या वर गेला तर वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. तातडीच्या कामांना काही ठिकाणी सवलत आहे, आणि एसी बंद पडलेला प्रत्येक घरमालक आपलं काम तातडीचंच समजतो. तेव्हा नियम काय ते स्वतःला माहीत असलेलं बरं.

पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा. नव्या उष्णतेला अंग सरावायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला असा की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांशच वेळ उष्णतेत ठेवावं आणि मग रोज तेवढंच वाढवत जावं. सुट्टीवर घरी येऊन गेलं की हा सराव बराचसा उतरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नवीन पोरगा मात्र पहिल्याच दिवशी फोरमनपुढं दम दाखवायला जातो.

[दृश्य: गल्लीतलं दुसरं दुकान. बरीच वर्षं आखातात काढून परतलेला मिस्त्री. तरुण त्याच्यासमोर तांब्याची नळी जोडतोय.]

गल्लीत सगळे या मिस्त्रींना मामा म्हणतात. पोराची परीक्षा मामांनी घेतली. तांब्याच्या दोन नळ्या दिल्या आणि सांगितलं, जोड. पोरानं गॅसचा टॉर्च पेटवला, रॉड लावला, सांधा झक्क भरला. बाहेरून बघावं तर चांदीसारखा. मामांनी नळी उभी चिरली. आत काळी खपली. तापलेल्या तांब्याला आतल्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की अशी खपली धरते, आणि पुढं ती सुटून कॉम्प्रेसरमध्ये, बारीक नळीत जाऊन अडकते. ती होऊ नये म्हणून सांधा करताना नळीतून हळूहळू नायट्रोजन सोडायचा असतो. आयटीआयत शिकवतात. बाजारात कुणी करत नाही, कारण नायट्रोजनचा सिलिंडर जिन्यावरून वर न्यायला कोण पैसे देणार?

"अन् व्हॅक्यूम? पंपानं आतली हवा ओढून घेतोस, का गॅस सोडूनच हवा काढतोस?"

"सगळेच तसं करायलेत, मामा."

"तिथं तसं केलास तर हेल्परच राहशील. टेक्निशियन म्हणून गेलास तरी."

मुंबईत कंपन्यांची जी ट्रेड टेस्ट होते, तिथं असल्याच गोष्टींवर माणूस अडतो. सौदीनं तर परदेशी कारागिरांसाठी कौशल्य पडताळणीची परीक्षाच लावली आहे. ती भारतात देता येते आणि एसीवाले त्यात येतात. पॉवरफुल एसीची व्याख्याही तिकडे वेगळी. साधा एसी बाहेर ३५ अंश धरून मोजलेला असतो, त्याला टी-१ म्हणतात. आखातातल्या यंत्राला टी-३ लागतो, म्हणजे बाहेर ४६ अंश धरून. शिवाय मोठ्या इमारतींत घरटी एसी नसतोच. चिलर म्हणजे पाणी गार करणारं मोठं यंत्र असतं, थंड पाण्याच्या पाइपलाइनी असतात, दुबई-दोह्यात तर एका प्लांटवरून अख्ख्या वस्तीला थंडावा जातो. नुसत्या स्प्लिट एसीच्या अनुभवावर तिथं माणूस पहिले काही महिने भांबावतो.

आणि वायरी. हे मामांनी दोनदा सांगितलं. आपल्याकडे गावोगावी लाल, पिवळी, निळी या फेज आणि काळी न्यूट्रल. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत तपकिरी, काळी, राखाडी या फेज आणि निळी न्यूट्रल. नीट ऐका: आपली न्यूट्रलची काळी तिथं फेज आहे आणि आपली फेजची निळी तिथं न्यूट्रल. एकाच शहरात जुनी इमारत एका पद्धतीची आणि नवी दुसऱ्या पद्धतीची सापडू शकते. सवयीनं काळीला हात लावणाऱ्यानं टेस्टर आधी खिशातून काढावा.

[दृश्य: पासपोर्ट. टेबलावर कागदांची फाइल.]

आता कागद. दहावी पास किंवा मान्यताप्राप्त संस्थेतला २ वर्षांचा ट्रेड केलेल्या माणसाला पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीची, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी घेण्याची, अट लागत नाही. ही सूट ऐकायला बरी वाटते. पण ज्याला अट आहे, त्याचा करार १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून जातो, आणि त्याला १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. हप्ता किती, तर २ वर्षांना २७५ रुपये. शिकलेला पोरगा या चाळणीतून जातच नाही. त्याला स्वतःहून नोंदणी करता येते, पण एजंट ते कशाला सांगेल?

एजंटाला कायद्यानं सेवाशुल्क घेता येतं ते ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच. पावती मागायची. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेटवर घरबसल्या दिसतं. "आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून घेऊ" म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून बाहेर यायचं.

ऑफर लेटरवर पोरं एकूण आकडा बघतात. मामा एकच विचारतात, बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती? नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी अमिराती, कतारसारख्या देशांत बेसिकवर मोजतात. अमिरातीत किमान वर्षभर नोकरी झाली की पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक मिळतं. बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवले, तर महिन्याला फरक कळत नाही, परतताना कळतो. कतारमध्ये २०२१ पासून किमान बेसिक १,००० रियाल आहे. राहायची सोय कंपनीनं केली नाही तर त्याचे ५००, जेवणाची केली नाही तर त्याचे ३०० वेगळे. कागदावर हे तिन्ही सुटे लिहिलेले असावेत.

पोराकडे सध्या एकाच एजंटाचा निरोप आहे. फोनवर पगार सांगितलाय, शहर सांगितलेलं नाही. त्यानं शहराचं नाव आणि बेसिकचा आकडा लेखी मागितलाय. एजंट म्हणतो, पासपोर्ट पाठव, मग कागद पाठवतो. पोरगा म्हणतो, कागद पाठवा, मग पासपोर्ट.

तीन आठवडे झाले. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत, आणि मामांनी मधल्या काळात त्याला नायट्रोजनचा सिलिंडर वापरायला दिलाय.