तेच पद, दुसरा गळा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे नवा टेपरेकॉर्डर आला, तेव्हा वडिलांनी हौसेनं जुन्या हिंदी गाण्यांची एक कॅसेट आणली. वर नायक-नायिकेचा फोटो, ठळक अक्षरांत गाण्यांची यादी. पहिलं गाणं लागलं आणि पोळ्या लाटता लाटता आई आतूनच म्हणाली, "अहो, हा रफी नाही." वडिलांनी चष्मा लावून कागद उलटसुलट केला. एका कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, भलत्याच गायकाचं नाव होतं.

अशा 'व्हर्जन' कॅसेटींचा तेव्हा नुसता सुळसुळाट होता. पुढे 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता हक्कदाराची परवानगी नसेल, तर मूळ गाणं येऊन 5 वर्षं झाल्याशिवाय त्याचं कव्हर, म्हणजे दुसऱ्या गळ्यातलं नवं ध्वनिमुद्रण, काढता येत नाही. ते कव्हर आहे असं वेष्टनावर छापावं लागतं, आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र तिथं वापरता येत नाही. वडिलांच्या कामाला हे काही आलं नाही, असो.

पण खरं सांगू? तो गायक बेसूर नव्हता. उलट फारच चोख होता. रफीसाहेब जिथं श्वास घेत, तिथंच तोही घ्यायचा. मग मूळच का ऐकू नये?

आपल्या नाट्यसंगीतात 'कव्हर' हा शब्द कुणी वापरत नाही, पण धंदा जुनाच. 'सौभद्र' हे संगीत नाटक 1882 सालचं. तेव्हापासून किती कृष्ण झाले आणि किती जणांनी तीच पदं आपापल्या गळ्यानं फुलवली! छोटा गंधर्वांचं 'प्रिये पहा' ऐकताना आधीचे कृष्ण कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

माझं सर्वांत लाडकं उदाहरण मात्र 'कट्यार काळजात घुसली'. 1967 सालचं नाटक, शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. 'घेई छंद मकरंद' हे पद या नाटकात दोन चालींत येतं. एक संथ, शांत. दुसरी नाटकातल्या खाँसाहेब या गायकाच्या वळणाची, झडप घालणारी. म्हणजे दुसरा गळा तेच शब्द घेऊन काय करतो, हे नाटककारानं नाटकातच दाखवून ठेवलंय.

वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी ऐकले, त्यांना दुसरं काही रुचणं अवघडच. शब्द अजून ओठांवर असतो आणि तान केव्हाच पुढं निघून गेलेली असते. कुठं उतरेल याचा नेम नाही.

1983 साली वसंतराव गेले, तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. मोठेपणी तो याच पदाला भिडला, रंगमंचावर आणि मग 2015च्या चित्रपटातही. धाडसच म्हणायचं. घरच्याच गाण्याशी तुलना, आणि समोर आजोबांची तान न् तान पाठ असलेले श्रोते! मला आवडतं ते हे, की आजोबांचा तो तिरकस हल्ला राहुल उसना आणत नाही. त्याचा आवाज अधिक गोल आहे. वसंतराव जिथं उडी घेतात, तिथं तो पायऱ्या चढत जातो. काही जाणकारांना हे मवाळ वाटतं. मला नाही वाटत.

आता दोन्ही लागोपाठ लावतो. आधी आजोबा, मग नातू. आणि घरात कुणी पोळ्या लाटत असेल, तर रेडिओचा आवाज जरा मोठा करा.