एक गुंडी सूत: सेवाग्रामच्या शाळेतील दिवस

दसरा उलटला की वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडे उकलू लागतात आणि पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही केली जाते. पुढे हा कापूस जिनिंगकडे निघून जातो, आणि ज्यांच्या शेतात तो पिकला त्यांच्या मुलांना त्याचा धागा कसा होतो हे बहुधा कधीच पाहायला मिळत नाही. सेवाग्राम आश्रमाच्या परिसरातील आनंद निकेतन शाळेत मात्र ही मुले स्वतः सूत कातायला शिकतात.

सतरंजीवर बसलेली एक मुलगी उजव्या हाताने तकलीला, म्हणजे सूत कातायच्या छोट्या चातीला, पीळ देते आणि डाव्या हातातील पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, सावकाश वर उचलत नेते. हात डोक्याच्या उंचीला पोहोचतो न पोहोचतो तोच धागा तुटतो. शेजारची मैत्रीण आपली तकली खाली ठेवते, तुटलेल्या टोकाचा पीळ थोडा उकलते, त्यावर पेळूचे तंतू पसरते आणि चिमटीत धरून हलकेच पीळ देते. सांधा कुठे होता, ते मग शोधावे लागते. यासाठी कोणी शिक्षकांना हाक मारली नाही, हे आम्हाला विशेष वाटले.

चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी, असे हे सूत मोजण्याचे जुने माप आहे. एका गुंडीत २,५६० फूट, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर सूत असते. ज्याने ते स्वतः कातले, त्याला हा गुणाकार वेगळा पाठ करावा लागत नाही.

या शिक्षणाचा विचार मांडला गेला तो वर्ध्यातच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावयाच्या सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्रामच्या शाळेत ही नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची पद्धत, प्रत्यक्षात आणली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर तेव्हाही टीका झाली होती, आणि आमच्या मते ती टीका सर्वस्वी चुकीची नव्हती. परंतु स्वयंपाक, सफाई, शेती आणि त्यांचा हिशेब ही सर्वांची सामायिक जबाबदारी मानण्याची जी रीत तेथे रुजली, तिचे मोल त्या वादाहून फार मोठे आहे. सेवाग्रामची ती शाळा पुढे बंद पडली. २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने ती पुन्हा सुरू झाली.

सूत कातून ही मुले उद्या पोट भरतील, असे येथे कोणी म्हणत नाही. मग हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आम्हाला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मिळाले. कधी अतिवृष्टी, कधी बोंडअळी, कधी पडलेला भाव, आणि या सगळ्यांच्या मागे उभे असलेले कर्ज; विदर्भातील कापूस उत्पादकाच्या घरातील ही काळजी मुलांपासून लपत नाही. बाकावर बसलेले मूल ती बोलून दाखवत नाही. मेथी निवडताना मात्र हात कामात असतात, नजर खाली असते, समोरचाही आपल्यासारखाच जुडी सोडवत बसलेला असतो, आणि अशा वेळी घरातली गोष्ट सहज तोंडून निघून जाते. ती ऐकणारे शिक्षक तेव्हा तपासायला उभे नसतात, शेजारीच भाजी निवडत बसलेले असतात. संकटातल्या मुलाला लागणारा आधार बहुतेक वेळा एवढाच असतो, की आपले कोणीतरी ऐकले आहे.

सुटी व्हायला थोडा वेळ उरला आहे. सतरंजीवर रुईचे पुंजके विखुरले आहेत. दोघे जण ते वेचून टोपलीत भरतात, तिसरा गुंड्या मोजतो, आणि मघाची ती मुलगी सुताने भरलेली आपली तकली, धागा सुटू नये म्हणून, दोन्ही हातांनी धरून फळीवर नेऊन ठेवते.